आत्याच्या पदरातला शिक्का

आत्या पदराच्या गाठीत पैसे कधी बांधत नसे. तिथे ग्रामपंचायतीचा रबरी शिक्का असायचा. तिच्या प्रत्येक लुगड्याच्या पदराला निळ्या शाईचा डाग होता. तिच्याआधी सरपंच कोणीही असो, शिक्का सोसायटीच्या चेअरमनच्या ड्रॉवरमध्ये राहायचा. सरपंचानं सही करून घरी जायचं, अशी गावाची रीत. राखीव जागेमुळे आमच्या बौद्ध वस्तीतली बाई सरपंच झाली, तेव्हाही चेअरमननी तोच ड्रॉवर उघडला. आत्या म्हणाली, “खुर्ची माजी आन् शिक्का तुमचा? आसं कावून?”

तिला अक्षरओळख बेताची. म्हणून प्रत्येक कागद मी, तिच्या भाच्यानं, मोठ्यानं वाचायचा. मगच गाठ सुटायची. घाईनं वाचलं की म्हणायची, “लई पुस्तकं वाचून शब्द गिळायला शिकलास व्हय रे?”

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात टँकर गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा. गावाचं शेंदून झालं की मग आमच्या वस्तीनं पोहरा सोडायचा. संगीता, सिरसाळ्याची लेक, आमच्या वस्तीत दिलेली. घरात लेकरू तापानं फणफणलेलं, म्हणून तिनं आधी पोहरा सोडला. चेअरमनच्या पुतण्यानं जातीवरून शिवी हासडली, विहीर बाटवली म्हणाला आणि काठीनं तिचा हात मोडला.

तालुक्याला जाणाऱ्या अहवालात जातीय अत्याचाराच्या रकान्यात ग्रामसेवकानं लिहून ठेवलं होतं : निरंक. म्हणजे काही घडलंच नाही. काठी पुतण्याची होती. हा शब्द मात्र टेबलाशी बसून, चहा पीत, सावकाश लिहिला गेला होता. मला आजही त्याचाच संताप अधिक येतो.

चेअरमन समजावू लागले, “बाई, पाण्यावरून बाचाबाची झाली. गावाची अब्रू कशाला काढता?”

“बाचाबाचीत हात मोडतो व्हय, चेरमनसाहेब? आन् भांडण पाण्याचं व्हतं, तर जात कावून काढली?”

मग तिनं मला नवा अहवाल लिहायला बसवलं. मी सभ्यपणे लिहिलं, ‘जातिवाचक अपशब्द वापरले’. ऐकून तिनं कागद परत सरकवला. “जे बोलला ते लिही. शिवी गाळू नको, लेकरा. तिच्यातच तर समदं हाय.” लिहिलं. तेव्हा शिक्का उठला. जीपमध्ये दाटीवाटीनं बसून ती स्वतः तालुक्याला गेली आणि अहवाल देऊन आली.

लवकरच अविश्वास ठराव आला. कारण काय, तर विकासकामांत अडथळा. गाठ सोडून आत्यानं शिक्का टेबलावर ठेवला. “घ्या. ड्रॉवर लई दिवस रिकामा व्हता तुमचा.” नव्या सरपंचाचा पहिला शिक्का ‘सुधारित’ अहवालावर उठला. निरंक. संगीताचा हात वाकडाच बसला; तो कोणी सुधारला नाही.

आत्या गेल्या महिन्यात गेली. ग्रामपंचायतीत शोकसभा भरली. चेअरमन, आता काठी टेकत चालणारे, म्हणाले, “बाईंच्या काळात गावात एकही अनुचित प्रकार घडला नाही.”

मी सभेत बोलणारा माणूस नाही. पण उठलो आणि आत्याचा तो अहवाल म्हणू लागलो. कागद लागला नाही.

“आज नको बे, खाली बस,” मागून कोणीतरी म्हणालं.

शिवीपाशी आलो आणि तोंडातून निघालं, ‘जातिवाचक...’ पुढेच संगीता बसली होती, वाकडा हात मांडीवर घेऊन. ती हलक्या आवाजात म्हणाली, “गाळू नका, भाऊजी.”

मी शिवी मोठ्यानं म्हटली.