पिकल्याचा रंग

आज ऑफिसात हापूसची पेटी उघडली आणि पेंढ्याच्या उबदार वासासरशी मी मनाने थेट कित्येक वर्षांपूर्वीच्या मिरजोळ्याच्या आमरसाच्या कारखान्यात पोचलो. आमच्या कंपनीचं पहिलंवहिलं सॉफ्टवेअर त्या सकाळी तिथे सुरू होणार होतं. पेंढ्यात पिकत घातलेल्या कुठल्या अढीतला आंबा तयार झालाय, ते भिंतीवरच्या स्क्रीनवर रंगांत दिसणार होतं. स्क्रीन उजळला, अढ्यांचे सगळे चौकोन हिरवेगार! मी टाळी वाजवली, आणि अढ्या सांभाळणाऱ्या हसनचाचांनी धावत जाऊन रस काढायचं मशीनच बंद केलं.

"चाचा, हिरवा म्हणजे सगळं तयार!" मी ओरडलो.

"हिरवा आंबा कधी तयार असतो काय रे?" ते माझ्यावरच डाफरले. "सगळा रस आंबट करशील!"

तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. तरी तिथेच स्टुलावर बसून मी हिरव्याचा केशरी केला. चाचांनी मान डोलावली, मशीन घरघरलं आणि आमचं सॉफ्टवेअर चाललं!

आज आमची सॉफ्टवेअर दवाखान्यांपासून बंदरांपर्यंत चालतात. पण कुठेही गेलो, तरी आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुमच्याकडे पिकल्याचा रंग कोणता?"