करवंटीतली बाळंतीण

बारामतीच्या मंडईत मी कोथिंबिरीच्या जुडीवरून हुज्जत घालत होते, तेवढ्यात माहेरून, वरकुट्याहून वहिनीचा फोन आला. "वन्सं, तुमी निघा..." एवढंच बोलली. जुडी तिथंच टाकून निघाले. दादा, माझा थोरला भाऊ, सकाळी उसाला पाणी द्यायला गेला होता. बांधावर टेकला, आणि बसल्या बसल्याच गेला. मला हे अजून खरं वाटत नाही, कारण दादाला बसायचं माहीतच नव्हतं.

आम्हा दोघांच्याही पायाला भिंगरी. जेवतानासुद्धा त्याचा गुडघा हलायचा, तोंडात घास असताना नजर चपला शोधायची. अशा माणसाला मासे पाळायचा नाद लागला. तेही दक्षिण अमेरिकेतल्या ओढ्यांमधले, अपिस्टोग्रामा नावाचे बोटभर मासे. पुण्याच्या दुकानातून पिशवीत घालून, एसटीत मांडीवर धरून आणलेले. आला-गेला विचारायचा, "खायचं हायत का?" दादा म्हणायचा, "भिगवणला कढईत पडती ती चिलापी ह्यांचीच भावकी. ही मातर काचंतच ऱ्हाणार."

आमच्या बोअरचं पाणी जड, नळाच्या तोंडाशी पांढरे थर साचतात. या माशांना ते सोसत नाही. म्हणून दादा काचेच्या टाकीत फिल्टरचं पाणी भरायचा आणि देशी बदामाची वाळकी पानं सोडायचा. सोमेश्वरनगरला लग्नाला गेला तरी येताना पिशवीत पानंच. पाणी अगदी कोऱ्या चहासारखं व्हायचं, त्या माशांच्या ओढ्यांत असतं तसं. वहिनी चिडायची, "पै-पावण्याला वाटतं, ह्या घरात काच पुसायला बाई न्हाय." त्या टाकीला ती सवत म्हणायची.

पण त्या सवतीपुढं दादा बसायचा. टोमॅटोच्या पालथ्या क्रेटवर, अगदी गप्प. मी शेजारी टेकले की हळूच म्हणायचा, "शाले, पाय हलवू नगं. ती बुजती." शेवटची भेटले तेव्हा टाकीतल्या करवंटीत मादीनं अंडी घातली होती. एरवी ती करड्या रंगाची, पण अंडी राखायला लागली की हळदीसारखी पिवळीधमक होते, नरालाही फिरकू देत नाही. आधीची सगळी अंडी बुरशीनं गेली होती. "ह्या खेपंला पिल्लं निघत्यात बघ," दादा म्हणाला. गाडीपर्यंत सोडायला आला तेव्हाही तेच बोलत होता.

घरात मौत झाली की साठवलेलं पाणी ओतून द्यायची आमच्याकडं रीत. हंडे, कळशा, माठ रिकामे झाले. मग थोरल्या काकीनं टाकीकडं बोट केलं. "ते बी वता. सुतकाचं पाणी हाय."

"काकी, मासे मरतील."

"माणूस गेलं, अन् तू माशाचं काय घिऊन बसलीस? बोअरचं भरा नवं."

चुलतभाऊ बादली घेऊन आलासुद्धा. माझं डोकं फिरलं होतं, पण अशा दिवशी भांडायचं कुणाशी? ओटीवरून दारात, दारातून ओटीवर नुसती येरझारा घालत राहिले. इतक्यात वहिनी उठली. सकाळपासून डोळ्यांतून टिपूस नव्हतं तिच्या. टाकीपुढं जाऊन उभी राहिली.

"आत्याबाई, आत बाळंतीण हाय."

काकीला काही उमजेना. वहिनीनं काचेवर बोट टेकवलं. "करवंटीच्या तोंडाशी, ती पिवळी. बाळंतिणीला सुतकात घरातनं भाईर काढत्यात व्हय?"

काकी वाकली. त्या चहाच्या रंगाच्या पाण्यात बराच वेळ बघत राहिली. "मग ऱ्हाऊ द्या... पर ती सडकी पानं तरी काढा."

"पानं बी ऱ्हाऊ द्या," वहिनी म्हणाली, आणि तिथंच खाली बसून तिनं हंबरडा फोडला.

परवा पुन्हा गेले. पिवळ्या मादीमागं जिऱ्याएवढी पिल्लं फिरत होती. बघून आनंद व्हायच्या ऐवजी मला रागच आला, दादाचा, देवाचा, कुणाचा ते कळेना. दादाला एवढं बघायला मिळायला हवं होतं. क्रेटवर वहिनी होती. तिनं सरकून मला जागा दिली. मी टेकले, आणि माझा गुडघा आपसूक हलायला लागला. काचेवरची नजर न काढता वहिनीनं त्यावर हात ठेवला.

"वन्सं, पाय हलवू नगा. ती बुजती."