टॉवरकडची खोली

हिंगोलीत नरसीच्या रस्त्याला आम्ही घर पाहिलं, तेव्हा बायकोला सातवा महिना होता. घर झकास होतं, फक्त मोठ्या खोलीच्या खिडकीतून हायटेन्शनचा टॉवर दिसायचा. झालं! जो तो डॉक्टर झाला. कोणी म्हणे लेकराच्या डोक्यावर परिणाम होतो, कोणी रक्ताच्या रोगाचे व्हिडिओ मोबाइलवर पाठवले. मी शाळेत विज्ञान शिकवतो. असलं काही ऐकलं की माझं टाळकं सटकतं. घर तारांपासून नियमाप्रमाणे लांब आहे, हे मी बायकोला कागदावर आकृती काढून समजावलं. ती आकृतीकडे न बघता पोटावर हात ठेवून बसली. तिचं मन मानत नसेल तर घर घ्यायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं.

शेवटी निकाल आबांनी लावला. माझे वडील रिटायर्ड वायरमन. "पोरी, उभा जनम मी तारांवर काढला. मला काई झालं का? घे घर बिनघोर."

त्या शब्दावर ती हसली आणि आम्ही घर घेतलं.

बाळंतपण झाल्यावर ती माहेराहून लेकीला घेऊन आली. मोठी खोली हवेशीर, म्हणून पाळणा तिथेच ठेवला.

एका दुपारी शाळा लवकर सुटली. घरी आलो तर बायको झोपलेली, आणि आबा लोखंडी पाळणा आतल्या खोलीत नेत होते. आवाज होऊ नये म्हणून आधी दोन पाय उचलून पुढं टेकवायचे, मग मागचे दोन. पाळण्यात लेक झोपलेली. आबांना धाप लागली होती.

मी भडकलोच. "आबा, तुमीच म्हणले होते ना, काई होत न्हाई?"

"हळू बोल. न्हाईच होत काई," ते म्हणाले. "पण लेकरू हाय रे ते. सूनबाई झोपली की नेतो, ती उठायच्या आत जाग्यावर आणून ठेवतो. तिला सांगू नको, उगं भ्यायची."

माझं सगळं विज्ञान तिथंच संपलं. म्हाताऱ्याला पोटाशी धरावंसं वाटलं.

संध्याकाळी मला राहवलं नाही, बायकोला सांगून टाकलं. ती भाकरी थापता थापता हसली.

"मला म्हाईत हाय. मला कुठं दुपारची झोप येऊन राहिली? मी डोळे मिटून पडते, तवा त्यांना नेता येतं."

दुसऱ्या दिवशी मी पाळण्याच्या चारी पायांना रबरी चाकं बसवून आणली. झाडायला सोपं जाईल, एवढंच सांगितलं. आबांनी एका हातानं पाळणा ढकलून पाहिला. "बराबर झालं," म्हणाले.

बायकोनं लगेच जांभई दिली.