मुठीतले केस

केशोरीच्या टिकारामांची मुलगी हर्षा नागपूरच्या हायकोर्टात फक्त अपिलं चालवते. इतर वकील दहा मुद्दे घेऊन उभे राहतात. ही एकच ठेवते, बाकीचे स्वतःच छाटून टाकते. घरी पालेभाजीही तशीच निवडते, अर्धी जुडी फेकते, असं तिची सासू सुलोचनाबाई म्हणते.

बोदलकशाकडच्या शामकलेला नवऱ्याच्या खुनासाठी जन्मठेप झाली होती. नंदलाल तिला रोज मारायचा. त्या संध्याकाळी चुलीवर गंजभर भात शिजत होता. त्याने तिचे केस धरून तोंड त्या उकळत्या भातात दाबलं. गाल आणि कान सोलून निघाले. चाचपडत्या हाताला भाजी चिरायची पावशी लागली. तिने ती उचलून त्याच्या मानेवर घातली, मग आणखी एकदा. रक्त भिंतीवर उडालं.

तिच्या भावाने, भूपेंद्रने, खालच्या कोर्टात तिला चोरांनी नंदलालला मारल्याची गोष्ट सांगायला लावली. ती टिकली नाही.

हर्षा जेलमध्ये भेटायला गेली. चोरांची गोष्ट सोडून द्यायची आणि वार कबूल करायचे, असं तिने सांगितलं. शामकला भडकली. आचल, तिची कॉलेजात जाणारी मुलगी, सुनावणीला येणार होती.

"पोरीले मी चोरच सांगतले. आता तिच्यासमोर काऊन उघडं करून राहिल्या?"

"तो चोरच तुले जेलात ठेवून राहिला, शामकला."

 शेवटी शामकलेने होकाराची मान हलवली.

सुनावणीत न्यायमूर्तींनी दुसऱ्या वारावरच बोट ठेवलं. माणूस कोसळत होता, मग दुसरा वार कशासाठी?

"पहिल्या वारानंतरही त्याने केस सोडले नव्हते," हर्षा म्हणाली. "प्रेताच्या मुठीत तिच्या केसांचा झुपका होता, कातडीसकट. पोलिसांच्या पंचनाम्यातच आहे. चोरांच्या गोष्टीत तो बसत नव्हता, म्हणून खालच्या कोर्टात आमच्याच वकिलाने त्याचं नाव काढलं नाही."

एवढं बोलून ती थांबली. मागच्या बाकावरून आचल उठून बाहेर गेली.

खून नव्हे, सदोष मनुष्यवध, असा निकाल लागला. भोगलेली शिक्षा पुरेशी ठरली.

हर्षा शामकलेला घेऊन जेलच्या फाटकाबाहेर आली, तेव्हा भूपेंद्र एकटाच मोटारसायकल घेऊन उभा होता. शामकलेने पोरीचं विचारलं. ती आजोबांकडे, नंदलालच्या बापाकडे, राहायला गेली, असं तो म्हणाला.

"त्या हाताचं जेवणार नाही म्हणते."

शामकलेने जळका कान पदराने झाकला. हर्षाकडे न बघता ती मागे बसली.

"तुमचं काम झालं, बाई," ती म्हणाली.