इसहाकभाईंचा आवाज

प्रिय अन्वी आणि ईशान,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, लोकांचे कॉम्प्युटर बघायला जाणं का बंद केलंस?" मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. ते खरं नव्हतं. तुमच्याशी खोटं बोलल्याचं दोन दिवस टोचतंय, म्हणून हे लिहून ठेवते. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. अजूनही नाही... पण झालं ते असं झालं.

माझं काम तुम्हाला अर्धंच ठाऊक आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी रत्नागिरीत घरोघरी जाऊन, फी घेऊन, लोकांना कॉम्प्युटरची मदत करायचे. गिऱ्हाइकं बहुतेक माझ्याच वयाची – मुलं मुंबईत, नाहीतर आखातात. अडचण किरकोळ असली तर मी घरी बसून इंटरनेटवरूनच त्यांचं मशीन चालवायचे. पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागला की लोक समजायचे, मॅडम आल्या.

जवळच्या पावस गावच्या हमीदाबी त्यांतल्याच. त्यांचे पती इसहाकभाई. जन्मभर बोटीवर नोकरी केली आणि परत येऊन आंब्याची बाग केली. ते गेल्यावर वर्षभराने मशीन फारच अडायला लागलं, म्हणून एका सोमवारी सकाळी मी गेले. सगळं पुसून नव्याने विंडोज घालायचं ठरलं. माझी पद्धत पक्की होती. आधी फोटो, कागदपत्रं, डेस्कटॉप यांची प्रत काढायची, मग डिस्क पुसायची – वरवर नाही, पूर्ण. रिसायकल बिन मात्र न बघताच रिकामी करायचे. कचराच तो.

दुपारी काम संपलं. हमीदाबी पदराला हात पुसत आल्या.

"झालं? आता ह्यांचा आवाज लावा जरा."

"कुठला आवाज?"

"आजारी होते तेव्हा बोलून ठेवलं ना ह्यांनी. त्या कोपऱ्यात कचऱ्याचा डबा दिसतो बघा, त्यात."

"कचऱ्यात ठेवलं होतं?"

"मी पण हेच म्हटलं! तर म्हणतात कसे, येडे, कचऱ्यात कोण हात घालतो? तिजोरीपेक्षा बरा."

ती बिन मी सकाळीच रिकामी केली होती. इसहाकभाईंचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. मोबाईल समोर धरला की ते उठून बागेत जात. मी म्हणाले, "डिस्क घरी नेते. शोधून देते." चूक माझी आहे, हे बोलले नाही.

डिस्क काढून रुमालात गुंडाळून आणली. मंगळवार, बुधवार – पुसलेल्या फाइली शोधणारे सगळे प्रोग्रॅम चालवले. काही नाही. मिळणारच नव्हतं. मी माझं काम नीट केलं होतं.

गुरुवारी सकाळी कबुली द्यायला निघाले. रिक्षात वाक्यं जुळवत होते. दारातच हमीदाबींनी माझे दोन्ही हात धरले.

"मॅडम, तुमचे उपकार कसे फेडू! मंगळवारी दुपारी लागला की आवाज."

"मंगळवारी?"

"नमाज पढून उठले, तर पडदा चालू. बाण फिरत होता, तुमी फिरवता तसाच. त्या डब्यावर गेला नि हे बोलायला लागले. म्हटलं, मॅडमनी घरून लावून दिलं."

"हमीदाबी, अहो, डिस्क तर माझ्याकडे..." मी पर्स उघडून ती दाखवली.

"ती कसली, मला काय कळतंय? बसा, चहा टाकते."

त्या आत गेल्या. मी सीपीयू उघडला. डिस्कची जागा रिकामी, तारा मी सोडल्या तशाच लोंबत होत्या. डिस्क बसवली, मशीन चालू केलं. रिसायकल बिनमध्ये एक फाइल होती. तारीख मंगळवारची, वेळ दुपारची – तेव्हा ती डिस्क माझ्या टेबलावर, माझ्या डोळ्यांसमोर होती. आणि बुधवारी संध्याकाळी मी शेवटचं तपासलं तेव्हा ती बिन रिकामीच होती.

फाइल लावली. थकलेला, घोगरा आवाज... विहिरीजवळच्या कलमाला खत जास्त घाल, पायरीचं झाड तोडू नको. मधेमधे "ऐकतेस ना?" आणि दर वेळी स्वयंपाकघरातून हमीदाबींचं उत्तर – "ऐकतेय वो, बोला."

चहा ठेवत त्या म्हणाल्या, "अशी एकूण सात रेकॉर्डिंगं होती. बाकीची पण काढाल ना? सावकाश काढा. तुमी आहात म्हणून मला घोर नाही."

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी "बघते" म्हणाले आणि चहा प्यायले. नंतर त्यांचे फोन येत राहिले. शेवटी सांगितलं की बाकीची खराब झाली. मी पुसली, असं नाही सांगितलं. उलट त्यांनीच माझी समजूत घातली, "मशीनच ते, तुमी काय करणार?" त्यानंतर मी कुणाच्या मशीनला हात लावला नाही.

बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, मशीनचं घड्याळ चुकलं असेल, म्हातारीला भास झाला असेल. घड्याळाचं मी मानीन. भासाचंही मानीन. पण फाइल आली कुठून? यावर त्याने पेन्शनचा विषय काढला. मलाही अजून कळलेलं नाही.

हे पत्र आधी हमीदाबींना वाचून दाखवायचं, असं रोज ठरवते. अजून जमलेलं नाही.

सहा रेकॉर्डिंगं गेली. एक आहे, अकरा मिनिटांचं – हमीदाबींच्या मशीनवर, आणि त्यांना विचारून घेतलेली एक प्रत माझ्या कपाटात. दोन्ही चालतात.