चपला काढून वापरायचं यंत्र

आमच्या घरात सध्या टॅब्लेटला कॉम्प्युटर म्हणायचं की नाही यावर वाद चालू आहे. नातीच्या कॉलेजने प्रत्येकाकडे स्वतःचा कॉम्प्युटर हवा असं कळवलंय आणि तिच्याकडे आहे टॅब्लेट. मुलगा म्हणतो चालेल, सून म्हणते चालणार नाही. जेवताना दोघंही एकमेकांना मेमरी आणि कीबोर्डबद्दल ऐकवत असतात. मी वरण वाढून घेतो. या प्रश्नाची एक कसोटी मला माहीत आहे आणि एके काळी माझी नोकरी तिच्यावर अडकली होती. पण सांगितली तर घरात हसतील.

ऐंशीच्या दशकात मी ठाण्याला, बाळकुमच्या बाजूला, एका इंजिनिअरिंग कंपनीत टायपिस्ट होतो. राहायला डोंबिवलीत. टायपिंग सेक्शन म्हणजे एक लांबट हॉल, त्यात दोन ओळींत टेबलं, प्रत्येक टेबलावर लोखंडी टाइपरायटर, आणि समोर सगळ्यांकडे तोंड करून बसलेल्या बाई. बाई म्हणजे आमच्या सेक्शनच्या प्रमुख. ठाण्यातल्याच, नऊवारीतून पाचवारीत आलेल्या पहिल्या पिढीच्या, इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्या. टायपिंगच्या आवाजावरून कोण थांबलंय हे त्यांना मान वर न करता कळायचं. टाचदुखीमुळे त्या जाड रबरी तळव्याच्या चपला वापरत आणि त्या चपला दिवसभरात कधी पायातून निघत नसत.

सेक्शनमध्ये सगळ्यांत शेवटी लागलेला मी. हे वाक्य तेव्हा मी स्वतःशी दिवसातून कितीदा म्हणत असेन, सांगता येणार नाही. कारण माणसं कमी करायची वेळ आली की शेवटी आलेला पहिला जातो, हा सगळीकडचा नियम. माझं लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं. बायको घरात असायची आणि कंपनीत काय चाललंय हे माझ्या जेवण्यावरून ओळखायची.

त्या सुमारास कंपनीत एक यंत्र येणार अशी बातमी फुटली. यंत्राच्या आधी त्याची खोली आली. हॉलला लागून असलेली जुनी सामानाची खोली रिकामी केली, तिला काचेचं दार बसवलं, निळे पडदे लावले, जमिनीवर गुळगुळीत रबरी शीट अंथरली आणि खिडकीत एअरकंडिशनर बसवला. संपूर्ण कंपनीत तोवर एअरकंडिशनर फक्त मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये होता. दाराबाहेर लाकडी मांडणी आणि तिच्यावर पाटी: ‘कृपया पादत्राणे येथे काढावीत.’ मग यंत्र आलं. पूजा झाली, नारळ फुटला, पडद्याच्या चौकटीवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं आणि दोनचार अक्षता कीबोर्डमध्ये कायमच्या गेल्या. अर्थात पूजेवरून काही सिद्ध होत नाही. खंडेनवमीला आम्ही टाइपरायटरलाही झेंडू वाहायचो.

खरी अडचण कराराची होती. युनियनच्या संमतीशिवाय कंपनीत कॉम्प्युटर आणणार नाही, असं व्यवस्थापनाने लिहून दिलं होतं. कॉम्प्युटर म्हणजे काय, हे मात्र करारात कुठेच नव्हतं, कारण सही करणाऱ्यांपैकी कोणीच तो पाहिलेला नव्हता. त्यामुळे पर्सोनेल मॅनेजरांनी जाहीर केलं की हा कॉम्प्युटर नाहीच, हा पडदा असलेला टाइपरायटर आहे. आणि युनियनच्या सेक्रेटरींनी जेवणाच्या सुट्टीत गेटवर उभं राहून सांगितलं की हा कॉम्प्युटरच आहे, पोरं कमी करायला आणलेला.

सेक्रेटरी बाळकुमचेच. घर खाडीच्या बाजूला, वडील अजून होडी घेऊन जायचे. आवाज असा की गेटवर त्यांना कधी माईक लागला नाही. मॅनेजर त्यांच्या अगदी उलट. टाय लावणारे, हळू बोलणारे, प्रत्येक गोष्ट ‘शास्त्रीय पद्धतीने’ करू म्हणणारे. आठवडाभर दोघांची पत्रापत्री झाली. ती पत्रं दोन्ही बाजूंनी आम्हीच टाइप केली. शेवटी मॅनेजरांनी शास्त्रीय पद्धत सुचवली. एखाद्या साध्या टायपिस्टला काहीही न शिकवता यंत्रासमोर बसवायचं. त्याने पत्र टाइप केलं तर तो टाइपरायटर. नाही जमलं तर कॉम्प्युटर.

सेक्रेटरींनी हे ताबडतोब मान्य केलं. टायपिस्ट म्हणून दोघांनीही माझं नाव सुचवलं. मॅनेजरांना मी तरुण आणि तल्लख वाटलो, सेक्रेटरींना नवखा आणि घाबरट. दोघांचंही निरीक्षण थोडंफार बरोबर होतं.

माझं काय होणार हे मला लगेच दिसलं. पत्र जमलं तर यंत्र राहणार, चौघांचं काम एकटं करणार, माणसं जास्त होणार आणि नियमाप्रमाणे पहिला मी. नाही जमलं तर यंत्र आज परत जाईल, पण असली यंत्रं एकदा परत गेली म्हणून कायमची जात नाहीत. ते पुन्हा येईल तेव्हा ‘ह्याला जमत नाही’ हे सगळ्या कंपनीने डोळ्यांनी पाहिलेलं असेल.

कँटीनमध्ये सेक्रेटरी शेजारी येऊन बसले.

“काय रे, उद्या तुझी परीक्षा हाय म्हणं?”

“हो.”

“तुला जमणार नाय.”

“प्रयत्न करतो.”

“अरे, प्रयत्न कसला करतोस! मी सांगतोय ना, तुला जमणार नाय.” आणि माझ्या ताटातला पापड त्यांनी उचलला.

दुपारी मॅनेजरांनी केबिनमध्ये बोलावलं. “टेन्शन घेऊ नका. तुम्ही डोळे मिटून चालवाल. साधा टाइपरायटर आहे हो.” हे म्हणताना त्यांनी टाय सारखा केला.

घरी संध्याकाळी वीज गेलेली होती. आम्ही गॅलरीत बसलो. बायकोला सगळं सांगितलं.

“मग नापास व्हा ना,” ती म्हणाली. “तुम्हाला काय कठीण आहे?”

“मुद्दाम?”

“मुद्दाम कशाला? तुम्ही घाबरलात की आपोआप होईल.” मग म्हणाली, “पण अहो, नापास झालात आणि उद्या ते यंत्र आलंच तर?”

“तोच तर घोळ आहे.”

“मग पास व्हा.”

“पास झालो तर परवाच घरी बसेन.”

ती उठून डाळ निवडायला आत गेली. अंधारात डाळ निवडता येत नाही, हे मी तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी काचेच्या दारापाशी आम्ही सगळे बूट-चपला काढू लागलो. मॅनेजर, सेक्रेटरी, यंत्र विकणाऱ्या कंपनीचा एक इंजिनिअर, ज्याला तोंड उघडायची मनाई होती, आणि मी. उजवा बूट काढला तेव्हा मोज्यातून माझा अंगठा पूर्णपणे बाहेर आला. पुढचा सगळा वेळ मी तो अंगठा डाव्या पायाखाली झाकायच्या प्रयत्नात होतो, आणि आजही त्या परीक्षेचं नाव काढलं की आधी पायाला गारवा जाणवतो.

मी खुर्चीवर बसलो. पडद्यावर एक हिरवी रेघ लुकलुकत होती, माझी वाट बघत असल्यासारखी. बाईंनी लिहून दिलेला मजकूर समोर होता. कास्टिंग वेळेवर न पाठवणाऱ्या एका कारखान्याला तक्रारीचं पत्र. असली पत्रं मी झोपेतही टाइप केली असती. मी पहिलं अक्षर दाबलं आणि दचकलो. आवाजच झाला नाही. पण अक्षर उमटलं होतं.

जमू द्यायचं की नाही हे माझं अजून ठरलेलं नव्हतं. पण बोटांनी मला विचारलं नाही. ओळ संपत आली तसा माझा डावा हात सवयीने उठला, कागद धरणारं कॅरेज नव्या ओळीसाठी ढकलायला, आणि हवेत आपटला. लिव्हर नव्हताच. तोवर उरलेला शब्द आपण होऊन खालच्या ओळीवर गेला होता. सेक्रेटरी मागून समाधानाने खोकले. मला वाटतं माझा हात बघून.

चौथ्या ओळीत माझ्या लक्षात आलं की दुसऱ्या ओळीतला ‘पुन्हा’ राहून गेलाय. पुन्हा उशीर झाला, हाच तर पत्राचा मुद्दा. टाइपरायटरवर याचा अर्थ एकच. कागद ओढून काढायचा, कार्बनसकट फेकायचा आणि पहिल्यापासून सुरू. मी कीबोर्डवर बाणांची चित्रं असलेली बटणं पाहिली. एक दाबलं. रेघ वर सरकली. शब्दापाशी नेऊन मी ‘पुन्हा’ टाइप केला, आणि पुढचे सगळे शब्द बाकावर बसलेल्या माणसांनी सरकून जागा करून द्यावी तसे मुकाट्याने सरकले.

मी थांबलो. इतकी सोपी गोष्ट मी आयुष्यात पाहिली नव्हती. एवढ्यासाठी मी किती कागद फाडले होते! आनंद झाला आणि त्याच क्षणी आठवलं, शेजारच्या हॉलमधले आम्ही सगळे त्याच कामाचा पगार घेत होतो.

पत्र पूर्ण झालं. मी हात मांडीवर ठेवले.

“झालं!” मॅनेजर म्हणाले. “न शिकवता. सगळ्यांच्या देखत.”

“कुठाय?” सेक्रेटरी म्हणाले.

“काय कुठाय?”

“पत्र कुठाय? कागद दाखवा. काचेवरचं पत्र पोस्टात टाकनार काय तुमी?”

यंत्राला जोडलेला छपाईचा डबा बाजूलाच होता. तो कसा चालू करायचा, हे मला माहीत नव्हतं. मी दोनतीन बटणं दाबून पाहिली. यंत्राने नापसंतीचा एक बारीक आवाज काढला. इंजिनिअरने तोंड उघडलं, मॅनेजरांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याने मिटलं. म्हणजे पत्र झालं होतं आणि झालं नव्हतं. मी पासही नव्हतो आणि नापासही नव्हतो. मी कधीच निकाल लागू नये अशी मनोमन इच्छा करत बसलो.

“बाईंना विचारू,” मॅनेजर म्हणाले. “सेक्शन त्यांचा आहे. त्यांनी पडद्यावर पत्र पाहावं आणि सांगावं टाइप झालंय की नाही.”

बाई आल्या आणि काचेच्या दारापाशी थांबल्या.

“या ना, आत या,” मॅनेजर म्हणाले. “फक्त तेवढ्या चपला...”

बाईंनी पाटी वाचली. मग आमच्या बूट-चपलांची रांग पाहिली. मग आम्हाला.

“साहेब, हा टाइपरायटर आहे ना?”

“अर्थात.”

“मग चपला कशाला काढू? मी इतकी वर्षं टाइपरायटरसमोर चपला घालूनच बसत आले. माझ्या टाइपरायटरने कधी तक्रार केली नाही.”

एअरकंडिशनर तेवढा घरघरत होता. आम्ही सगळ्यांनी एकदमच खाली पाहिलं. मॅनेजरांचे करड्या रंगाचे मोजे, सेक्रेटरींचे अनवाणी रुंद पाय, इंजिनिअरचे मोजे, आणि माझा अंगठा.

“धुळीने बिघडतं ते,” मॅनेजर शेवटी म्हणाले.

“आमच्या हॉलमध्ये काय कमी धूळ आहे?” बाई म्हणाल्या आणि परत आपल्या जागेवर गेल्या.

सेक्रेटरी आधी हसले नाहीत. ते बाहेर गेले, पायात चपला सरकवल्या आणि मग गेटपर्यंत हसत गेले. दुपारपर्यंत सगळ्या कंपनीला कळलं. जिच्यापुढे बूट काढावे लागतात ती चीज टाइपरायटर नव्हे, यावर मशीन शॉपपासून अकाउंट्सपर्यंत एकमत झालं. मोठ्या साहेबांनाही ते खोडून काढता येईना, कारण ती पाटी त्यांनीच लावायला सांगितली होती.

यंत्रावर कापड पडलं. एअरकंडिशनर मात्र चालू राहिला. यंत्राला दमट हवा चालत नाही, असं कारण सांगितलं गेलं. मे महिन्यात मॅनेजरांच्या सगळ्या मीटिंगा त्याच खोलीत झाल्या.

माझी काळजी मात्र कापडाखाली जाईना. मी काय केलं हे सगळ्यांनी पाहिलं होतं. सेक्रेटरी जिन्यात भेटले की नुसती मान हलवत. ती मान काय म्हणते यावर मी घरी येऊन बायकोशी चर्चा करायचो. ती म्हणायची, “मान आहे, हलणारच.”

पुढे नवा करार झाला. यंत्राला कॉम्प्युटर म्हणायचं, असं व्यवस्थापनाने मान्य केलं, आणि कॉम्प्युटर ठेवायचा, असं युनियनने. कोणालाही काढायचं नाही, बाहेरचं माणूस आणायचं नाही, आणि यंत्रावर बसवायचा तो टायपिंग सेक्शनमधला, यंत्र हाताळलेला माणूस. असा सेक्शनमध्ये एकच होता. हे कलम कोणी घातलं, ते मला कराराच्या दिवशी कँटीनमध्ये कळलं.

“तुला म्हटलेलं ना, जमणार नाय,” सेक्रेटरी म्हणाले. “नाय ऐकलंस ते बरं केलंस.” आणि यावेळी त्यांनी आपला पापड माझ्या ताटात ठेवला.

बायकोने मोज्यांचे नवे जोड आणले. मी रोज सकाळी मांडणीवर बूट ठेवून गारव्यात जाऊन बसू लागलो. काचेपलीकडून टाइपरायटरांचा आवाज यायचा. करार पाळला गेला. कोणालाही काढलं नाही. फक्त जो निवृत्त झाला त्याची जागा भरली नाही. आवाज कमी होत गेला आणि मी काचेकडे पाठ करून बसायला लागलो.

नव्वदचं दशक उजाडल्यावर बाई निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी निरोप समारंभाआधी त्या माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पाटी अजून होती.

मी उठलो. “बाई, या. चपला राहू द्या.”

“नक्की?”

“नक्की.”

त्या चपलांसकट आत आल्या. रबरी शीटवर तळव्यांचा चिकटून सुटल्याचा आवाज झाला. माझ्या खुर्चीवर बसल्या, चष्मा पुसला आणि टाइप करू लागल्या. काय, ते मी पाहिलं नाही. बोटं तीच होती, पूर्वीच्या वेगाची. ओळ संपली आणि त्यांचा डावा हात उठला, कॅरेज ढकलायला, आणि तिथेच हवेत थांबला. त्यांनी हाताकडे पाहिलं. मग पडद्याकडे.

“अरे, हे तर स्वतःच जातं,” त्या म्हणाल्या.

“हो, बाई.”

त्यांनी हात हळूच खाली घेतला आणि मांडीवर ठेवला. यंत्राला काहीही झालं नाही. मी मात्र काचेवरचा पडदा ओढून घेतला. मोठे साहेब केव्हाही आले असते.