न धरलेला महिना

माझी शाळा तिसरीपर्यंत, तीही निजामाच्या राज्यातली. पण आमच्या गल्लीत पंचांग वाचणारा मी एकटाच होतो, त्यामुळं तिथी विचारायला लोक माझ्याच ओट्यावर यायचे. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्या पंचांगावरून घडलं.

आमचं गाव बेंबळीपासून तीन कोसांवर. पोलीस ॲक्शन होऊन दहा वर्षं झाली असतील. बायकोला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिल्या वेळी ती दोन दिवस अडली, मग सोलापूरला नेली आणि तिथं पोट कापून मुलगी काढली. पुढं दीड वर्षानं अंगावरून लाल जायला लागलं. पुन्हा सोलापूर. पिशवीच्या तोंडाशी गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी ती कापून टाके घातले. म्हणजे एकाच पिशवीला दोन ठिकाणी हत्यार लागलेलं.

गावात माझ्या पोरीला 'फाडून काढलेली' म्हणायचे. विहिरीवर एकीनं बायकोला विचारलं, "अगं, दुसरं आता कुठनं काढनार हायती, पाठीतनं?" बायको म्हणे हसली. मला हसू आलं नाही. मी पारावर चारचौघांत बोलून बसलो, की या खेपेला माझी बायको चार बायकांसारखी बाळंत होईल. बोललेलं मागं घ्यायची मला सवय नव्हती.

चौथ्या महिन्यात तिला सोलापूरला दाखवायला नेलं.

"बाई, काय बी करा, पर पोट फाडायचं न्हाय," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिलाच विचारलं, "तुला काय वाटतं गं?"

"सरळ झालं तर बरंच की. मागल्या येळी चार म्हैनं पानी शेंदता आलं न्हाय," ती म्हणाली. मग पोटावर हात ठेवून, "पर जीव ऱ्हावा. दोघांचा."

बाईंनी तपासलं, हात धुतले आणि समजावून सांगितलं. पोटातला काप खाली आहे, आडवा आहे, म्हणून सरळ बाळंतपणाचा प्रयत्न करता येईल. पण गाठ काढली तिथं तोंड घट्ट झालंय. ते कळांनी उघडेल की नाही, आज सांगता येत नाही. उघडलं नाही आणि कळा जोरात आल्या, तर जुना काप उसवेल.

"म्हणून घरी नाही. इथं, माझ्या डोळ्यांसमोर. नववा लागला की यायचं आणि जवळ खोली घेऊन राहायचं. कळांची वाट बघायची नाही." मग तिच्याकडं वळून म्हणाल्या, "कळ येते आणि जाते, ती चांगली. पण जुन्या टाक्यावर दुखायला लागलं आणि ते जाईचना, तर ते वाईट. ध्यानात ठेव."

मी मान हलवली. नववा लागला की यायचं. यात न समजण्यासारखं काय होतं?

पण त्या साली श्रावण दोन आले होते. पहिला अधिक, म्हणजे आमच्याकडं धोंड्याचा महिना, आणि दुसरा निज. धोंड्यात लग्न धरत नाहीत, वास्तू धरत नाहीत. आई म्हणाली, "देवाचा म्हैना हाय त्यो. मानसाच्या हिशेबात येत न्हाय." मीही पंचांग मांडीवर घेतलं आणि बोटांवर महिने मोजले. जेठ, आखाड, श्रावण, भादवा. श्रावण एकदाच धरला.

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षाच्या अवसेला, आम्ही सगळे रानात होतो. कडब्याची खोपटासारखी कोप केली होती, भज्जी आणि आंबिलीची मडकी मांडली होती. जेवणं झाली आणि बायको माझ्यापाशी आली. एक हात पोटाखाली धरलेला.

"अवं, आठ सरलं. उद्यापास्नं नववा लागतुया. सोलापूरचं बघा आता."

"सात सरलं. आठवा लागतोय," मी म्हणालो.

"आन आठव्यात बाईमानसानं शीव वलांडायची नसती," आईनं तिकडूनच सांगितलं.

"म्या दर अवसेला जात्यामागच्या भितीला कुंकवाचा ठिपका लावलाय आत्याबाई. आजचा धरून आठ हायती."

"त्यात धोंड्याचा एक आला," मी म्हणालो.

"आला की."

"त्यो धरत न्हाईत."

"पोटातल्याला कुठं ठावं हाय, धोंडा कंचा नि निज कंचा? ते वाढलंच की त्या म्हैन्यात!"

माझा चुलतभाऊ आंबील पीत बसला होता. त्याला ठसका लागला. "दादा, वयनीलाच द्या पंचांग! तुमी आता जात्यावर बसा!"

सगळे हसले. आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. त्या हसण्यानं माझं डोकं गरम झालं. एरवी मी कदाचित घरी जाऊन पुन्हा बोटं मोजली असती. तिथं मात्र म्हणालो, "पौषाची अवस झाली की निघायचं. त्याच्या आदी न्हाय." ती खाली बसून उष्टी भांडी गोळा करायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिनं जुनेर, दोन बाळोती आणि सोलापूरची चिठ्ठी एका बोचक्यात बांधली आणि ते दाराजवळच्या खुंटीला अडकवलं. आत जाताना, बाहेर येताना ते माझ्या डोक्याला लागायचं. मी ते काढलं नाही, तिनंही काढलं नाही. जात्यावर बसणं तिनं बंद केलं. चालताना तळवा बेंबीखाली दाबून चालायची. पोट छातीशी होतं ते उतरलं. सुईण दुसऱ्याच कामाला घरी आली होती, ती तिच्याकडं बघून म्हणाली, "लेकरू लई खाली सरलंय. आठव्यात एवढं सरतंय व्हय?"

"तुला पंचांग कळतंय का?" मी विचारलं.

"न्हाय बापू. मला पोट कळतंय."

तिला मी चहासुद्धा विचारला नाही. पण त्या दिवसापासून रानात गेलो तरी माझं लक्ष पांदीकडं असायचं, कुणी बोलवायला येतंय का म्हणून. कुणी पळताना दिसलं की हातातलं खुरपं थांबायचं.

पौष सरायला चार दिवस होते. सकाळी शेण काढताना ती गोठ्यातच खाली बसली. कळ आली, गेली. पुन्हा आली, गेली. सुईण आली, आत जाऊन बघून आली आणि लुगड्याला हात पुसत म्हणाली, "तोंड वाळल्या चामड्यागत हाय. बोट शिरत न्हाय. माझ्यानं व्हायचं न्हाय, गाडी जुपा."

आई शिवेचं काही म्हणाली नाही. खुंटीवरचं बोचकं तिनंच काढून माझ्या हातात दिलं.

बेंबळीपर्यंत बैलगाडी. तिथं एस्टीची वाट बघत तास गेला. धाराशिवला ती गाडी बदलली. सोलापूरच्या गाडीत गर्दी होती. एका म्हातारीनं उठून बायकोला पूर्ण बाकडं दिलं आणि खाली पाय दुमडून बसली. कंडक्टर म्हणाला, "मामा, आधी आनायचं असतंय वो." एस्टी तुळजापूरला थांबली तेव्हा बायको डोळे मिटून होती. कळ आली की माझं मनगट धरायची, गेली की सोडायची. त्या धरण्या-सोडण्यावर मी हिशेब ठेवत होतो. येते आणि जाते, ती चांगली.

घाट उतरला आणि तिनं मनगट धरलं ते सोडलंच नाही.

"अवं," ती म्हणाली, "आता जात न्हाय."

"कुठं?"

तिनं माझा हात नेऊन जुन्या टाक्यावर ठेवला. पोट फळीसारखं होतं. तिचे ओठ पांढरे पडले होते. सोलापूर अजून दूर होतं. मी ड्रायव्हरला ओरडलो, त्यानं गाडी पळवली, बायाबापड्यांना उतरायचं होतं तिथंही थांबवली नाही. कुणी तक्रार केली नाही.

दवाखान्यात बाईंनी तिच्या पोटावर हात ठेवला आणि नर्सला दोनच शब्द बोलल्या. गाडा आत गेला. मग माझ्याकडं वळल्या.

"नववा लागला की या म्हटलं होतं ना?"

"अजून आठवाच हाय, बाई."

"कोणी मोजलं?"

"म्या."

त्यांनी कागद पुढं केला. अंगठा नको, मला सही येते, असं मी तेवढ्यातही म्हणालो. सही केली. कागदावर काय लिहिलं होतं ते वाचलं नाही.

बायको वाचली. पिशवी मात्र काढावी लागली. जुना काप उसवला होता, लेकराला वारा पोचला नाही. मुलगा होता. नर्सनं फडक्यात गुंडाळून आणला आणि फडकं जरा बाजूला केलं. डोकंभर जावळ. बोटांची नखं पुरी वाढलेली, टोकांच्या पुढं आलेली. माझी पोरगी जन्मली तेव्हा अशीच होती, पुऱ्या दिवसांची. मी त्या नखांकडं बघत राहिलो. नर्स म्हणाली, "घेता का?" मी घेतलं.

तीन आठवड्यांनी तिला घरी आणलं. ती भिंतीला धरून आत गेली, जात्यामागं बसली आणि पोतेऱ्यानं सगळे ठिपके सारवून टाकले. मला वाटलं आता बोलेल. बोलली असती तर मी भांडलो असतो, उत्तरंही तयार होती माझ्यापाशी. ती बोलली नाही. पारावर कुणी विचारलं तर मी 'नशीब' म्हणायचो.

पुढं मुलीचं लग्न झालं, तिला दिवस गेले. ती माहेरी आली त्या साली वैशाख दोन होते. विहीणबाई ओट्यावर बसून म्हणाल्या, "धोंडा सोडून मोजायचं हं, पाहुणं. अजून म्हैना हाय."

मी पंचांग बाहेर काढलंच नाही. "धोंडा धरायचा," म्हणालो. "उद्याच सोलापूरला नेतो तिला."

"अवं पर, रीत हाय—"

"धरायचा म्हनलं ना."

बायको आत ज्वारी पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.